मडक्यांची भिंत

खडकमाळ, ता. पारनेर
१९ नोव्हेंबर २०२४

मामाआजोबा,

साष्टांग नमस्कार आधी लिही आणि मग बाकीचं, असं आईने बजावलंय. लिहिला.

मी पोचलो. सावेडीहून तुमच्याकडून निघालो त्याच संध्याकाळी पोचायला हवं होतं. पण सुप्याला एसटी बदलायला उतरलो तर एक टेम्पोवाला म्हणाला, पवनचक्कीचं पातं नेणारा ट्रेलर वळणावर अडकलाय. बघायला गेलो. एवढं थोरलं पातं रस्त्यात आडवं, दोन्हीकडे गाड्यांची रांग आणि एक माणूस पात्यावर बसून निवांत बिडी ओढतोय. तो उतरेपर्यंत माझा पाय निघेना. मग त्या टेम्पोवाल्याकडेच मुक्काम झाला. आईला सांगू नका. म्हणजे तुम्हाला सांगताच येत नाही म्हणा. सॉरी, हे लिहायला नको होतं, पण पेनाने लिहिलंय.

आणखी एक सॉरी. झटका आल्यापासून तुमच्या तोंडून नुसता ‘आं’ निघतो हे आईने सांगितलं होतं, पण समोर ऐकल्यावर मी गडबडलो. म्हणून मी तुमच्या कुंड्यांबद्दल बोलत सुटलो. मला कुंड्यांतलं काही कळत नाही.

पत्र लिहायचं ठरलं ते बरं झालं. मोबाईलवर तुमचं बोट भलत्या अक्षरावर पडतं, आणि इथे रेंज फक्त पाण्याच्या टाकीपाशी, तीही मर्जी असेल तेव्हा.

तुम्ही बांधलेलं घर लांबून दिसलं तेव्हा मला वाटलं, टाकीच कुणीतरी माळावर आडवी पाडलीय. रागावू नका. जवळ गेल्यावर तसं वाटत नाही. मी हंपीकडे एका रिसॉर्टच्या बांधकामावर चार महिने होतो, तिथे काँक्रीटवर उमटलेले शटरिंगच्या फळ्यांचे वण लपवायला केवढी धडपड. इथे ते वण सगळ्या भिंतींवर राजरोस, लाकडाच्या गाठींसकट. गाव याला ‘बिनगिलाव्याचं घर’ म्हणतं. भाकरी आणून देतात त्या साळूबाईंनी मला पहिल्याच दिवशी विचारलं, “गिलावा कवा करायचाय? माझं लगीन झालं तवापास्नं बगते, तसंच हाय.”

आणि मोठ्या खोलीतली ती भिंत. नुसती गोल भोकं, मूठ जाईल एवढी, खालपासून वरपर्यंत. मी हात घालून पाहिलं. आत मडकी आहेत! भिंतीत मडकी कशाला पुरली? साळूबाई त्या भिंतीला पाठ लावून बसत नाहीत.

तुमचे मित्र मच्छिंद्रबुवा बरे आहेत. जेवतात. कमी बोलतात. त्यांच्या मुलीचं, रुपालीताईंचं म्हणणं, बुवांनी देवळाली प्रवऱ्याला त्यांच्या घरी यावं. बुवांचं म्हणणं, “मला इथून चौघांनीच उचलून न्यायचं.” शेवटी संक्रांतीपर्यंत मी सोबत राहायचं आणि मग बघायचं, यावर तह झालाय. एवढं काम मला जमेल. बसून राहायचंच तर काम आहे.

तुमचा,
सुश्रुत


सावेडी, नगर
२६ नोव्हेंबर

चि. सुश्रुत,

डाव्या हाताने दिलेले आशीर्वाद चालत असतील तर घे. अक्षराबद्दल बोलू नकोस.

गिलावा होणार नाही, असं साळूबाईंना सांग. गिलावा हा भिंतीचा खोटेपणा आहे. हे मी पूर्वी सभांमधून बोलत असे, आता तुझ्यावर भागवतो.

मडक्यांचं विचारलंस. लहानपणी घागरीत तोंड घालून ओरडला असशीलच. एका ठरावीक सुराला घागर घुमते, बाकीच्या सुरांना गप्प राहते. तो सूर तिच्या पोटावर आणि तोंडाच्या मापावर ठरतो. १९७८ साली मच्छिंद्र नाटकांना चाली देत होता आणि माझ्याकडे कोणी फारसं काम देत नव्हतं. त्याच्या दोन अटी होत्या. घर त्याच्या गावच्या माळावर हवं, आणि “नृसिंह, मला घर असं दे की मी सा लावला की त्याने उत्तर द्यावं.” कुंभाराकडे बसून मी मडकी करून घेतली, तोंडं घासून घासून सगळी एका सुरात आणली आणि काँक्रीट ओतायच्या आधी शटरिंगमध्ये बसवली. सूर मच्छिंद्रचा. पेटीवरची पांढरी चार. पुरुषाला ही पट्टी उंचच, पण त्याचा गळा तसा होता. त्याने पहिल्यांदा सा लावला तेव्हा भिंतीने तो परत दिला. भोकावर तळहात धरला तर आतून वारा थरथरत लागायचा. मच्छिंद्र रडला होता. मी नाही. मी भेगा तपासत होतो.

नंतर मी नगरमध्ये शाळा बांधल्या, बँका बांधल्या, मंगल कार्यालयं तर विचारू नकोस. त्यातली एकही इमारत बोलत नाही.

झटका आल्यापासून मी त्याच्यासमोर गेलेलो नाही. माझ्याकडे आता एकच आवाज उरला आहे आणि तो सुरात नाही. त्याच्यापुढे तो काढायची मला लाज वाटते. हे त्याला सांगू नकोस. प्रकृती, अंतर, असं काहीतरी सांग.

तू लिही: भिंत अजून उत्तर देते का? आणि त्याचा कान कसा आहे? गळा सगळ्यांचाच उतरतो. त्याचा कान जाऊ नये.

नृसिंह


खडकमाळ
४ डिसेंबर

मामाआजोबा,

कानाचं ठीक.

थंडी मात्र फार. माळावर वारा अडवायला काहीच नाही, तुमचं घर सोडून. पोस्टमन आठवड्यातून एकदोनदा येतो आणि आला की चहा पिऊन तासभर त्याच्या मुलाच्या भरतीचं सांगतो. मीही एकदा भरतीला गेलो होतो, पळताना मध्येच एक ओळखीचा भेटला आणि आम्ही गप्पा मारत बसलो. ते असो.

भिंत उत्तर देते. बुवा रोज दिवेलागणीला तिच्यासमोर उभे राहतात, दोन्ही तळहात दोन भोकांवर, छाती भिंतीला, आणि सा लावतात. मोठ्याने. खूपच मोठ्याने. लागेपर्यंत लावत राहतात. आणि लागला की त्यांचा चेहरा जो होतो तो मला लिहिता येणार नाही.

पण इथे एक भानगड झालीय. खालच्या वस्तीवर आसाराम म्हणून आहे, त्याच्या म्हशी आहेत. काल तो दारात येऊन उभा राहिला. आत येईना.

“पोरा, हे घर घुमतंया.”

मी म्हटलं, “हो, मडकी आहेत ना भिंतीत.”

“आरं ते ठावं हाय! मडक्यात हाय म्हनूनच तर! ऐन धारंच्या टायमाला घुमतं आन् माज्या म्हशी पान्हा चोरत्यात. दूध वर चढवून घेत्यात. डेअरीवाला मला इचारतो, आसाराम, म्हशी इकल्या का काय? लई दिस सोसलं. आता बंद करा, न्हाईतर रुपालीला सांगतो, बाप घेऊन जा.”

त्याने सांगितलंच. आज टाकीपाशी गेलो तर रुपालीताईंचा फोन. गावाची आणखी एक तक्रार आली तर संक्रांतीची वाट बघणार नाही, येऊन घेऊन जाईन म्हणाल्या. त्यांचंही चूक नाही. आवाजात काळजी होती.

बुवांना यातलं काही माहीत नाही. घर घुमायचं थांबवता येतं का, तेवढं लवकर कळवा. ते इथून गेले तर टिकणार नाहीत असं मला वाटतं. मला सहसा असं काही वाटत नाही.

सुश्रुत


सावेडी
१० डिसेंबर

सुश्रुत,

‘घर घुमतं’ ही तक्रार! मी जे मुद्दाम केलं, ज्यासाठी पाऊस येऊन ठेपेपर्यंत कुंभाराच्या आव्यापाशी बसलो, ते लोकांना म्हशींच्या आड येतं. बरं. लोकांना मोठा आवाज सोसत नाही. गाणाऱ्याच्या शेजाऱ्याची ही जुनी रड आहे. पण मच्छिंद्रचं त्या घरात राहणं माझ्या मडक्यांपेक्षा मोठं आहे.

उपाय सोपा आहे. जुन्या गादीतला कापूस घे. प्रत्येक मडक्याच्या पोटात काठीने ढकल, तळापर्यंत, भरपूर. आवाज त्यात मरतो. दोन गोष्टी सांभाळ. एक, कापूस बाहेरून दिसता कामा नये. भोकांतून चिंध्या लोंबणारी भिंत मी जिवंत असताना तरी नको. दुसरी, मच्छिंद्रला सांगू नकोस. सांगितलंस तर तो हात लावू देणार नाही आणि उद्या देवळालीच्या गाडीत बसेल. फरक त्याला कळेल, त्याचा कान तेवढा तयार आहे. पण थंडीत मडकी दबली असं समजेल. विचारलंच तर मान डोलाव. उन्हाळ्यात म्हशी आटल्या की आपण कापूस काढू.

त्याचा सा अजून इतका मोठा लागतो. या वयात पांढरी चार!

नृसिंह


खडकमाळ
१७ डिसेंबर

मामाआजोबा,

झालं काम. साळूबाईंनी बुवांना त्यांच्या अंगणात उन्हाला नेऊन बसवलं, न्हावी बोलावला होता, आणि तेवढ्यात मी दोन गाद्या फाडून सगळ्या मडक्यांची पोटं भरली. एका मडक्यात पालीची अंडी होती, ते सोडलं. बाहेरून काही म्हणता काही दिसत नाही. तुमची भिंत तशीच देखणी आहे.

संध्याकाळी बुवा उभे राहिले. सा लावला. पुष्कळ वेळ लावला. मग तळहात उलटे करून बघितले, धोतराला पुसले, परत ठेवले. मग त्यांनी माझा हात धरला, एका भोकावर ठेवला, स्वतः सा लावला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी मान डोलावली. तुम्ही सांगितलं होतं ना. छान लागतंय अशी डोलावली. ते हळूच म्हणाले, “तुला लागतंय.” आणि आत जाऊन पडले.

दोन दिवस झाले, त्यांनी सा लावलेला नाही. थंडीही फार आहे. आसाराम आज दारात आला आणि पहिल्यांदाच उंबऱ्याच्या आत पाय टाकला. सोबत दूध. साळूबाईंनी बुवांवरून मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या आणि म्हणाल्या, “उतरलं बाई एकदाचं.” मी विचारलं, काय उतरलं? तर पदर तोंडाला लावून हसल्या. इथल्या बायकांचं बोलणं मला निम्मंच कळतं.

आता सगळं शांत आहे म्हणून मी जरा अकोल्याच्या बाजूला जाऊन येतो. तोच टेम्पोवाला भेटला, त्याला भंडारदऱ्याकडे फेरी आहे. दोनचार दिवसांत येतो. साळूबाई दोन वेळा घरी येतीलच. खूप दिवस एका जागी बसलो की माझ्या पायांना मुंग्या येतात, हे तुम्हाला आईने सांगितलं असेल.

सुश्रुत


सावेडी
२१ डिसेंबर

सुश्रुत,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं.

त्याने तुझा हात धरून भोकावर का ठेवला? ज्याला ऐकू येतं तो तुला विचारील, ‘ऐकलंस?’ तो तुझ्या हाताला का विचारील?

आणि ‘उतरलं’ हे आवाजाबद्दल कोणी बोलत नाही. अंगात आलेलं उतरतं. मी पन्नास वर्षं शहरात काढली आणि ‘घुमतं’ वाचून मला फक्त मडकी आठवली. मडक्याच्या आधी माणूस घुमतो, देवासमोर, हे विसरलो. ते लोक आवाजाबद्दल बोलतच नव्हते. त्यांना काय ऐकू येत होतं? मच्छिंद्र नेमका कसा आवाज काढत होता?

मला खरं लिही. कापूस आजच्या आज काढ. सूनबाई तुला दोन दिवस फोन लावते आहे, लागत नाही.

नृसिंह


खडकमाळ
२८ डिसेंबर

मामाआजोबा,

तुमचं पत्र दाराच्या फटीत पडलेलं होतं. मी ते काल बघितलं. मी दोनचार दिवस म्हणून गेलो आणि जास्त दिवस राहिलो. तिकडे एका तळ्याकाठी काही मुलं तंबू टाकून होती. काय सांगू. नाही सांगत.

बुवांना ऐकू येत नाही. काहीच नाही. दोन वर्षं झाली. मी आलो त्या दिवसापासून आम्ही पाटीवर बोलतो. मी लिहितो, ते तोंडाने उत्तर देतात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं होतं, “नृसिंहाला हे कळवायचं नाही. त्याने हे घर माझ्या कानांसाठी बांधलंय.” म्हणून मी ‘कानाचं ठीक’ असं लिहिलं आणि थंडीवर घसरलो.

त्यांना सा फक्त तळहातांना कळायचा. आणि गळा खाली आलाय, साहजिक आहे, म्हातारपण. पण भिंत तर तुमच्या जुन्या पट्टीत. खालच्या सुराला ती गप्पच राहायची. म्हणून ते ओरडत ओरडत वर चढायचे, आवाज चिरकायचा, फाटायचा, मान ताठ, शिरा फुगलेल्या, आणि एका टोकाला गेल्यावर कधीतरी मडकी उत्तर द्यायची. ते गाणं नव्हतं, मामाआजोबा. ते ऐकून मीही पहिले दोन दिवस बाहेर जाऊन उभा राहिलो होतो. मी ‘मोठ्याने’ असं लिहिलं कारण दुसरा शब्द लिहिला असता तर तुम्ही विचारलं असतं. आसारामच्या म्हशींना तो आवाज सोसत नव्हता, आणि लोकांना वाटायचं मडक्यांत काहीतरी कोंडलंय आणि ते म्हाताऱ्याच्या अंगात येतं.

मी परत आलो तर बुवा भिंतीला लागून जमिनीवर. अंगात सदरा नाही. साळूबाई रडत होत्या. “आंगरखा घालू देईना की ओ. उघडी छाती भिताडाला लावून बसतंय. आमी म्हनलं उतरलंय तर बरं हुईल, ह्यो तर जास्तच झाला. मला ल्हिता येतंय का, पाटीवर काय सांगू त्यास्नी?” अंगात ताप होता. खोकला असा की ऐकवेना.

मला बघून म्हणाले, “आधी कान गेले. आता हात गेले बघ. मग वाटलं छातीला तरी लागेल. तीही बधिर. तुला लागतंय, मला लागत नाही, म्हणजे भिंत चांगली आहे. मीच संपलो.”

मी पाटीवर लिहिलं: बुवा, मडक्यांत कापूस भरलाय, मी भरलाय. मोठ्या अक्षरात लिहिलं. त्यांनी वाचलं. माझ्या गालावर हात फिरवला आणि हसले. “समजूत घालतोस होय रे.” मी काठीला तार बांधून एका मडक्यातला कापूस ओढून दाखवला तर म्हणाले, “पुरे. नको रे पोरा.” मी खोटं बोलतोय असंच त्यांना निघेपर्यंत वाटत होतं. आधी मान डोलावली होती ना मी.

रुपालीताईंना टाकीवरून फोन केला. त्या जीप घेऊन आल्या. मला वाटलं बुवा हट्ट करतील. उंबरा धरून बसतील. त्यांनी स्वतःच काठी मागितली. म्हणाले, “चल रुपाली. आता कुठेही चालेल.”

चौघं लागले नाहीत. दोघांनीच बसवलं त्यांना.

सुश्रुत


सावेडी
१ जानेवारी २०२५

सुश्रुत,

रागवायला वेळ नाही. मी सांगतो ते कर.

सगळ्या मडक्यांतला कापूस काढ. नंतर मधमाशांचं मेण आण. कोमट करून प्रत्येक मडक्याच्या तोंडाला आतून कडं बसव, करंगळीएवढं जाड. तोंड अरुंद झालं की मडक्याचा सूर खाली येतो. त्याच मापाने काळी एकच्या आसपास येईल. त्याचा आता तोच असेल. मेण कमीजास्त करून बघ. तुला सूर कळत नाही, हरकत नाही. तू जसा बोलतोस तसा, न ताणता ‘आ’ म्हण आणि भोकावर हात ठेव. ताण पडला तर अजून मेण लाव.

हे मला तुझ्या पहिल्या पत्रालाच सुचायला हवं होतं. त्याचा गळा उतरला असेल हे मीच लिहिलं होतं, आणि भिंत उतरवायची असते हे माझ्या लक्षात आलं नाही. सेहेचाळीस वर्षं मी तिला बरोबर समजत होतो.

मग देवळालीला जा. पाटीवर लिही: नृसिंहाने तुझ्यासाठी भिंत खाली आणली आहे, आता चढायचं नाही, बसून म्हण. माझं नाव लिही म्हणजे तो विश्वास ठेवील. आणि त्याला हेही लिही की माझी जीभ गेली आहे, माझ्याकडेही एकच आवाज आहे. आता लाज कसली धरायची.

त्याला परत आण. मी गाडी करून येतो.

नृसिंह


खडकमाळ
१४ जानेवारी

मामाआजोबा,

आज संक्रांत. माझी मुदत संपली.

तुमचं मेणाचं पत्र पोस्टमनने दिलं तेव्हा मी टाकीवरूनच येत होतो. रुपालीताईंनी नुकतं सांगितलं होतं, बुवा पहाटे गेले. ताप उतरलाच नाही. तुमचं पत्र मी तिथेच रस्त्यावर उभं राहून वाचलं आणि काय करावं ते कळेना, म्हणून मेण आणायला गेलो. पोस्टमन म्हणाला, आता कशाला? मी म्हटलं, लिहिलंय ना. कापूस काढला आणि सगळ्या मडक्यांना तुम्ही सांगितलं तसं मेण बसवलं.

दहाव्यानंतर परवा तुम्ही आलात. तुम्ही काठीवर आत गेलात आणि हाताने खूण केलीत, दार लाव. मी लावलं. आत काय झालं ते तुम्हाला माहीत. बाहेर काय झालं ते तुम्हाला माहीत नाही, म्हणून हे पत्र.

बाहेर पायरीवर मी, रुपालीताई आणि साळूबाई. तेवढ्यात आसाराम धारेला चालला होता, हातात रिकामी बादली. गाडी बघून थांबला. दिवे लागायची वेळ होती.

आधी तुमचा ‘आं’ ऐकू आला. कुंड्यांपाशी ऐकला होता तसाच. मग तो थोडा खाली सरकला, आणि मग तुमचा आवाज कुठला आणि भिंतीचा कुठला ते समजेना. मोठा नव्हता. माझ्या पायाखालच्या फरशीतून येत होता. मला सा आणि प यातला फरक कळत नाही, पण तो सूर मी ओळखला. बुवा ‘पोरा, चहा टाक’ म्हणायचे तो.

रुपालीताईंनी पायरीवर हात टेकला आणि तसाच ठेवला. “हा बाबांचा आहे,” म्हणाल्या. साळूबाईंनी पायातल्या चपला काढून बाजूला ठेवल्या. “ह्यांच्या आंगात आलं का काय?” मी म्हटलं, नाही. मग म्हटलं, माहीत नाही.

आसाराम वस्तीवर गेला. मला वाटलं, आता माणसं घेऊन येणार. तुम्ही आत तसेच चालू होतात. काही वेळाने तो परत आला, आणि बादली भरलेली होती, फेस वर आलेला. दाराकडे बघत उभा राहिला. मग मला म्हणाला,

“ह्या आवाजाला म्हशी गुमान उभ्या ऱ्हायल्या की रं. कान बी हलवंनात. सगळं दूध सोडलं.” आणि बादली पायरीवर ठेवली. “बुवाला असंच म्हनू द्यायचं हुतं. आधी का न्हाई केलं हे?”

तो खरंच विचारत होता. टोमणा नव्हता. रुपालीताई माझ्याकडे बघायला लागल्या. साळूबाईही.

तुम्ही आत थांबलात तेव्हा मी दार उघडलं आणि तुम्हाला धरून गाडीत बसवलं, म्हणून त्याला उत्तर द्यायचं राहिलं. घराला कुलूप लावलंय. किल्ली साळूबाईंकडे आहे. मी आज निघतो. कुठे ते ठरलेलं नाही, सुप्यापर्यंत एसटी आहे.

आसाराम स्टँडवर भेटेलच. तो परत विचारेल.

सुश्रुत